गोलशून्य बरोबरीत सुटलेली मागणी

गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी, बर दुबईच्या अल मनखूल भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एका मुलीला मागणी घालायला अबू धाबीहून माणसं आली. त्याच सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथॅम्प्टन आणि पोर्ट्समथ या शेजारच्या शहरांचा फुटबॉल सामना सुरू झाला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. मागणीचा निकाल त्या दिवशी लागला नाही.

मुलीचे वडील म्हणजे आमचे शेजारी. सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणायची. त्यांचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीकाठी. तरुणपणी ते एका ब्रिटिश प्रवासी बोटीवर लाँड्रीत होते. त्या बोटीचं मूळ बंदर साउथॅम्प्टन. पुढे बोट सुटली आणि चाचा दुबईत जहाजांना किराणा-भाजीपाला पुरवणाऱ्या कंपनीत लागले. साउथॅम्प्टन मात्र सुटलं नाही. हॉलच्या भिंतीवर मक्केच्या तसबिरीपासून योग्य अंतर राखून लाल-पांढरा स्कार्फ लावलेला असे. ते संघाला 'आम्ही' म्हणत. आम्ही हरलो, आम्हाला पेनल्टी नाकारली, आमचा गोलकीपर मूर्ख आहे.

पोर्ट्समथला ते 'पाकट' म्हणत. साउथॅम्प्टनचे लोक पोर्ट्समथच्या लोकांना ज्या माशाच्या नावाने चिडवतात, त्याचं हे त्यांनी केलेलं मराठी. दोन शहरांमध्ये रेल्वेने तासाभराचंही अंतर नाही. एक व्यापारी बंदर, दुसरं नौदलाचं. पोर्ट्समथचे लोक उलट साउथॅम्प्टनवाल्यांना जी शिवी देतात, तिच्यामागे गोदी कामगारांच्या कुठल्याशा जुन्या संपाची कथा सांगितली जाते: म्हणे, संप चालू असताना साउथॅम्प्टनचे कामगार कामावर गेले. या कथेला पुरावा नाही. चाचांसमोर ती काढायची नाही, एवढं बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

बरीच वर्षं हे दोन संघ वेगवेगळ्या श्रेणीत खेळत असल्यामुळे एकमेकांच्या वाटेला फारसे गेले नव्हते. या मोसमात ते एकाच श्रेणीत आले. म्हणजे एक वर आला आणि एक खाली. खाली आला तो साउथॅम्प्टन. चाचा या घटनेचं वर्णन 'आम्ही त्यांना भेटायला खाली उतरलो' असं करत.

मागणीमागे घाई होती. चाचांची कंपनी व्हिसा पुढे वाढवणार नव्हती. महिनाअखेरीस चाचा आणि चाची कायमचे गावी जाणार होते. मुलगी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, स्वतःच्या व्हिसावर. ती राहू शकत होती. पण लग्न ठरल्याशिवाय मुलीला परदेशात एकटी ठेवायची नाही, हे चाचांनी जाहीर केलं होतं. ठरलं तर ती राहील. नाही ठरलं तर राजीनामा देऊन आईबापाबरोबर गावी येईल. मुलीने राजीनामा लिहिलेला नव्हता. चाचींनी ही सगळी हकिगत माझ्या बायकोला जिन्यात सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "गावात हिच्या कम्प्युटरला रेंज पण नाही यायची, बाई."

मुलगा अबू धाबीत जहाजांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत होता, अल रीम आयलंडवर राहायचा. दोघांची ओळख कामातून झाली होती. घरात ती ओळख 'चाचींच्या बहिणीने सुचवलेलं स्थळ' म्हणून सादर करण्यात आली, आणि बहिणीने त्याला दुजोरा दिला. मुलाचं घराणं रायगडचं. म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठाचं. चाचांच्या आईच्या मते खाडीपलीकडे मुलगी देणं म्हणजे ती पाण्यात टाकणं. चाचांनी यावर एक आठवडा विचार केला आणि ते पचवलं. "आता तर गाड्यांसकट फेरीबोट जाते," ते म्हणाले. "आणि इथे आल्यावर कसला अलीकडचा नि कसला पलीकडचा. सगळे गाववाले."

हे खरं होतं. आखातात गाव फार मोठं होतं. खाडीपलीकडचा, तालुक्यापलीकडचा, जिल्ह्यापलीकडचाही माणूस विमानतळाबाहेर पडला की गाववाला होतो. पुढे घोटाळा झाला तो याच सवयीने.

मुलाबद्दल चाचांना 'यूकेत शिकला' एवढंच सांगितलेलं होतं. यूकेत कुठे, हे मुलीने सांगितलं नाही आणि चाचांनी विचारलं नाही. इंग्लंडात त्यांच्या लेखी एकच शहर होतं.

तारीख चाचींनी मुलाच्या आईशी फोनवर ठरवली. शनिवारी मुलाच्या वडिलांची माणसं कामावर असतात, म्हणून रविवार. दुपारची नमाज झाल्यावर. चाचांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते आणि 'हो' म्हणाले. आठवडाभराने त्यांनी आमची बेल वाजवली. मी इथल्या एका वर्तमानपत्रात नोकरीला, म्हणून ते मला 'पेपरवाले' म्हणत.

"पेपरवाले, घात झाला."

"काय झालं?"

"रविवारी तीनला मॅच आहे. पाकटांची. आणि तीनलाच ती माणसं येतायत."

"मग तारीख पुढे ढकला."

चाचांनी माझ्याकडे नवख्या खलाशाकडे बघावं तसं बघितलं. "मुलीकडच्याने मागणीची तारीख बदलली तर आमच्यात त्याचा अर्थ काय होतो, माहितेय? नकार. तोंडावर."

"मग मुलाकडच्यांना बदलायला सांगा."

"त्यांनी बदलली तरी अर्थ तोच. बोला आता."

 मुलाने अबू धाबीत त्याच सुमारास आपल्या वडिलांशी जवळपास हाच संवाद केला होता, असं नंतर कळलं. त्यालाही हेच उत्तर मिळालं. अशा रीतीने ज्या दोन माणसांना ती तारीख नको होती, ते एकमेकांना हे कळवू शकत नसल्यामुळेच ती कायम राहिली.

चाचांचे नातेवाईक दुबईत नव्हते. मुलीच्या बाजूची म्हणून दोन माणसं असावीत, यासाठी मला आणि बायकोला बोलावलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा टीव्ही चालू होता, आवाज बंद. चाचींशी तडजोड झाली होती: चित्र दिसेल, आवाज येणार नाही, आणि चाचा पडद्याकडे तोंड करून बसणार नाहीत. चाचा पडद्याला काटकोनात बसले होते.

पाहुणे पावणेतीनला आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. वडिलांचा एसी डक्टिंगच्या कॉन्ट्रॅक्टचा धंदा. मोठा आवाज, मोठं हसू, एका वाक्यात तीन भाषा. सलाम-दुआ झाली. ते सोफ्यावर बसले, भिंतीकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, भाई! तुम्ही पण इंग्लंड फुटबॉलवाले? माशाल्ला! आधी का नाही बोलले?"

मुलगा अस्वस्थ झाला. "पप्पा, लेट इट बी."

"काय लेट इट बी? भाई, हा माझा पोरगा वेडा आहे फुटबॉलचा. त्याच साइडला शिकला ना. ते तुमचं काय... साउथॅम्प्टन, हां, त्याच्या बाजूच्याच गावात. पोर्ट्समथ!"

चाचींच्या हातात सरबताचा ट्रे होता. तो त्यांनी अलगद टेबलावर ठेवला.

"पोर्ट्समथ," चाचा म्हणाले.

"एकदम बाजूला, भाई. आपली खाडी कशी, तसंच. वर्षाची फी एक लाख दिऱ्हॅम, म्हणजे आजचे चोवीस लाख झाले, दिली की नाही मी? तेवढे पैसे भरल्यावर मी पण त्यांचाच सपोर्टर झालो." मग त्यांनी मिठाईच्या पिशवीतून निळ्या कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. "घरातून निघताना आठवलं. मुलीचे अब्बा बोटीवर होते, त्या साइडला जायचे. म्हटलं, त्यांना गावाकडचं काहीतरी नेऊ."

तो निळा स्कार्फ होता. मुलाने हॉस्टेलमधून आणलेला, वडिलांनी त्याच्या कपाटातून काढलेला. वडिलांनी तो आणलाय हे मुलाला त्या क्षणीच कळलं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

खाडीच्या दोन काठांच्या बाबतीत जो नियम आखातात चालतो, तो त्यांनी इंग्लंडलाही लावला होता. शेजारचं गाव म्हणजे आपलंच गाव. यात त्यांचं काही चुकलं, हे त्यांना त्या दुपारी कोणी सांगितलं नाही. अजूनही बहुधा सांगितलेलं नाही.

चाचांनी स्कार्फ दोन बोटांनी घेतला, "शुक्रिया" म्हणाले आणि टेबलावर ठेवला. मुलगी आतून आली, सलाम केला, स्कार्फ पाहिला, मुलाकडे पाहिलं. मुलाने मान अगदी थोडी हलवली: मी नाही.

तीन वाजता पडद्यावर सामना सुरू झाला आणि हॉलमध्ये बोलणी. मुलाच्या वडिलांनी घराण्याची माहिती दिली. किती भाऊ, कोण कुवेतला, कोण श्रीवर्धनला. चाचा "हं" म्हणत होते. काटकोन हळूहळू कमी होत होता. पंधरा-वीस मिनिटांत ते पडद्याला समोर होते. मुलगाही. आता बोलणी मुलाच्या वडिलांची एकट्याचीच चालली होती.

"भाई, आवाज लावा की," शेवटी तेच म्हणाले. "आपण काय परके आहोत? आणि दोन्ही जिंकू देत, इन्शाल्ला."

चाचींच्या तडजोडीचा तिथे शेवट झाला. आवाज आला. सांदणं आणि कोंबडीचा रस्सा आला. चाचांनी रस्सा घेतला नाही.

पहिल्या अर्ध्यात सांगण्यासारखं काही झालं नाही. दोन्ही संघ एकमेकांना घाबरून खेळत होते. एका पोर्ट्समथवाल्याने चेंडू गॅलरीत मारला तेव्हा चाचा पडद्याकडे बघत म्हणाले, "पाकट. नांगीच आहे नुसती."

मुलाने सांदणाचा तुकडा मोडला. त्याची आई त्याच्याकडे बघत होती.

मग एका साउथॅम्प्टनवाल्याने मोकळा गोल चुकवला. मुलाच्या तोंडून हसू निसटलं.

"हसलास?" चाचा म्हणाले.

"सॉरी, अंकल."

"नाही, हस की. कुणी अडवलंय?"

"अंकल, तो बॉल माझ्या पप्पांनी पण आत मारला असता."

"अरे, मला कशाला मध्ये घेतो?" वडील म्हणाले. त्यांच्या हातात सांदण होतं.

"तुम्हा पाकटांना बोलायला तोंड आहे?" चाचा आता पूर्ण त्याच्याकडे वळले होते. "इतकी वर्षं कुठल्या गटारात खेळत होतात?"

"खेळत होतो, अंकल. तिथे पण स्टेडियम फुल असायचं. आमची माणसं संघ खाली गेला म्हणून घरी बसत नाहीत."

"म्हणजे आमची बसतात?"

"मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंस?"

मुलीने इंग्रजीत सांगितलं, "कॅन यू बोथ प्लीज स्टॉप?" कोणी थांबलं नाही. मुलाच्या आईने पर्स मांडीवर घेतली. मध्यंतर झालं. जाहिराती सुरू झाल्या. मुलाच्या वडिलांनी एसीकडे बघून सांगितलं की गॅस कमी झालाय, उद्या माणूस पाठवतो.

दुसऱ्या अर्ध्यात चाचांनी सूर बदलला. आवाज खाली आला, पण प्रश्न वाढले.

"आमचं स्टेडियम बघितलंयस कधी? का नुसतंच टीव्हीवर?"

मुलाने बशी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बघितलंय. आतून."

"तू? काय करत होतास आमच्याकडे?"

"पार्ट टाइम. एक वर्ष. मॅचच्या दिवशी स्टॉलवर चहा आणि पाय विकायचो." मग कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्याने स्पष्ट केलं, "पाय म्हणजे तो बेक केलेला, अंकल. खिम्याचा." त्याने वडिलांकडे बघायचं टाळलं. "पोर्ट्समथला कुणाला सांगितलं नाही. रूममेटला पण. लायब्ररीत जातो म्हणायचो."

मुलाच्या वडिलांनी सांदण खाली ठेवलं. "मला पण लायब्ररीच सांगितलं होतं."

चाचा त्यांच्याकडे बघत नव्हते. "कुठला स्टॉल?"

"नदीच्या बाजूचं गेट आहे ना, त्याच्या आत, डाव्या हाताला. खांबामागे."

"तिथून मैदान दिसतं?"

"जिन्याच्या फटीतून. एक कोपरा. कॉर्नर किक असली की दिसायची."

"आणि आम्ही गोल केला की?"

"छताची पत्र्याची बाजू हलायची. कपांतला चहा सांडायचा."

चाचा पडद्याकडे बघत राहिले. खेळ थांबला होता, एक खेळाडू पाय धरून पडला होता. तो लंगडत उठला.

"मी आत नाही गेलो कधी," ते म्हणाले. "बोट सकाळी लागायची, संध्याकाळी सुटायची. हजार माणसांच्या चादरी. सुट्टी मिळाली तर तासभर. फोनच्या रांगेत उभं राहायचं, गावी दोन मिनिटं बोलायचं, परत. शनिवारी वारा बंदराकडे वाहत असला तर ओरडणं ऐकू यायचं." मग त्यांना एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं. "पगार आमचा खाल्लास म्हणजे तू."

"हो."

"आणि आम्ही गोल केला की काय करायचास?"

"तोंड बंद ठेवायचो. चहा पुसायचो."

"मग आज तोंडाला काय झालं?"

"आज पगार नाही, अंकल."

माझ्या बायकोला हसू आलं. तिने ते पाण्याच्या ग्लासात लपवलं. चाचा हसले नाहीत. रेफरीने शेवटची शिट्टी वाजवली. शून्य-शून्य. मुलाच्या वडिलांनी उठून चाचांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मुबारक हो, भाई. कोण जिंकलं?"

अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज मॅचमुळे राहिली होती. चाचा, मुलगा आणि त्याचे वडील समोरच्या मशिदीत गेले आणि परत आले. आता रिवाजाप्रमाणे चाचांनी काहीतरी म्हणायचं होतं. होकार असेल तर दुआ मागायची आणि तोंड गोड करायचं. चाचींनी मिठाईचा डबा उघडून ठेवला होता. चाचा म्हणाले, "चौकशी करून कळवतो."

'कळवतो' याचे दोन अर्थ होतात आणि ते सर्वांना माहीत असतात. मुलाच्या आईने डब्यातलं काही घेतलं नाही. निघताना मुलाच्या वडिलांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "भाई, पोरगा तोंडाचा सुटा आहे. दिलाचा साफ आहे. बाकी तुमची मर्जी." निळा स्कार्फ टेबलावरच राहिला.

दार बंद झाल्यावर मुलगी बापासमोर उभी राहिली. आम्ही निघायच्या बेतात होतो, पण चाचींनी माझ्या बायकोचा हात धरून ठेवला होता.

"अब्बा, यू आर रिटायरिंग. आय अ‍ॅम नॉट."

"मी नाही म्हटलेलं नाही."

"यू हॅवन्ट सेड यस आयदर."

"शून्य-शून्य आहे अजून," चाचा म्हणाले.

"मग एक्स्ट्रा टाइम किती?" हे ती मराठीत म्हणाली. 

मुलाची चौकशी ही त्यांच्यात रीतच आहे. मशिदीत विचारतात, ऑफिसात विचारतात, रूममेटला गाठतात. चाचांनी यातलं काही केलं नाही. चाचींच्या सांगण्यानुसार, त्यांनी सोमवारी एकच फोन केला: बोटीवरच्या जुन्या सोबत्याला. हा सोबती गोव्याचा, निवृत्तीनंतर साउथॅम्प्टनमध्येच राहिलेला. चाचांनी त्याला विचारलं, नदीच्या बाजूच्या गेटातून आत गेल्यावर डाव्या हाताला, खांबामागे चहाचा स्टॉल आहे का?

सोबती म्हणाला, लक्षात नाही. स्टेडियममध्ये तोही क्वचितच गेला होता. त्याने नातवाला विचारतो म्हणून सांगितलं. नातवाचं उत्तर मंगळवारी आलं. स्टॉल आहे. खांबामागे आहे. तिथून मैदानाचा एकच कोपरा दिसतो. चहा वाईट असतो. ही माहिती विचारली नव्हती, पण तीही कळवण्यात आली.

बुधवारी संध्याकाळी चाचांनी आमची बेल वाजवली. मी नुकताच ऑफिसातून आलो होतो.

"पेपरवाले, तुमच्यात बातमी पक्की कधी समजतात?"

"दुसऱ्या माणसाने दुजोरा दिला की."

"दिला," चाचा म्हणाले. "पोरगा खोटं बोलत नाही. पाकट आहे, पण खोटं बोलत नाही. लावा फोन. हो म्हणून सांगा त्यांना."

रिवाजाप्रमाणे होकार तिसऱ्या माणसाने द्यायचा असतो. मी चाचांसमोर मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि होकार दिला. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग, "खलास! खलास, हबीबी, पक्कं झालं! अल्ला तुमचं भलं करो." मग त्यांनी बायकोला हाका मारल्या, आणि फोन चालू आहे हे विसरून गेले. चाचा कान लावून उभे होते.

"अट सांगा," ते पुटपुटले.

"कसली अट?"

"मॅच बघायला पोरगीला तिकडे नेईल तेव्हा कुठल्या बाजूला बसवणार?"

मी प्रश्न पलीकडे दिला. मुलाच्या वडिलांनी तो मुलाला ओरडून विचारला. 

"तो म्हणतो, पोरगीला विचारा."

समोरच्या दारात मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आय हेट फुटबॉल."

चाचांनी मान डोलवली आणि अट मागे घेतली.

चाचा आणि चाची महिनाअखेरीस ठरल्या विमानाने गेले. मुलगी सिलिकॉन ओएसिसमध्ये ऑफिसच्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेली. निकाह डिसेंबरात चाचांच्या गावी झाला. मला रजा मिळाली नाही; हकिगत चाचींनी फोनवर कळवली. मुलाकडची माणसं फेरीबोटीने खाडी ओलांडून आली. मुलगी जानेवारीत परतली आणि अल रीम आयलंडवरून कामाला जाते. नोकरी तीच आहे.